खेकड्याचा सहावा पाय

वहिनी, तू गप्प झालीस तेव्हा मला वाटलं, रागावलीस.

मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा वाजले असतील. रामनगरच्या आपल्या शेडमध्ये मी तुझ्याकडे पाठ करून, मातीवर चढवायचं बादलीतलं ग्लेझ चाळणीतून गाळत बसले होते आणि तू मागे टेबलाशी मातीच्या खेकड्याला पाय लावत होतीस. भांडण नेहमीचंच चाललं होतं. तू म्हणालीस, "साठी उलटली तरी समुद्र बघितला नाहीस आणि समुद्राचे रंग करतेस. लाज नाही वाटत?" मी म्हटलं, "तीस वर्षं माझेच रंग लावतेस, तेव्हा नाही वाटली?" यावर तुझं काहीतरी यायला हवं होतं. आलं नाही. मी आपली चालूच. तुमच्या मालवणात आहे काय, खारं पाणी आणि मासळीचा वास, आमची गंगा काय वाईट आहे, माझे गुडघे धरतात, दोन दिवस गाडीत बसवणार नाही. चांगली पाच-सात मिनिटं बोलले असेन. चाळणी धुतली, उपडी घातली. मग म्हटलं, "एवढं काय लागलं गं तुला," आणि वळले.

तू टेबलावर डोकं टेकून बसली होतीस. चष्मा एका कानावरून निसटला होता.

आज चौदावा दिवस. मला अजून रडायला आलेलं नाही. येणारे-जाणारे माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, हिला धक्का बसलाय, हिला रडवा कोणीतरी. पुण्याहून आलेल्या मावशींनी तर माझं डोकं मांडीवर घेऊन थोपटलं. मी नुसती छताकडे बघत पडले. डोक्यात एकच चाललं होतं: ती पाच-सात मिनिटं मी कोणाशी भांडत होते?

तू दादाशी लग्न करून बनारसला बालाजी घाटावरच्या आमच्या घरात आलीस तेव्हा मी तेवीस वर्षांची आणि तू चोवीस. म्हणजे खरं तर जेवायला आधीपासूनच येत होतीस. मालवणची मुलगी विद्यापीठात शिल्प शिकायला आली आहे, हॉस्टेलचं जेवण तिच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून कोणीतरी तुला आईकडे पाठवलं. आपल्याकडे महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पंगत रोजचीच, त्यात एक पान जास्त. दादा तेव्हा नुकता वडिलांच्या जागी यजमानांचे विधी करायला लागला होता. आमटी वाढायला तो कधी उठत नसे, तो उठायला लागला. आईने तिसऱ्या दिवशी ओळखलं. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, पण मला विचारतो कोण.

पहिल्यांदा बोललीस तेव्हा माझी मराठी ऐकून हसू आवरेना तुला. मी म्हटलं होतं, "जरा सब्जी पास करा." तू म्हणालीस, "ही मराठी नाही, ही नऊवारी नेसलेली हिंदी आहे." मी दोन दिवस बोलले नाही तुझ्याशी. तिसऱ्या दिवशी तूच आलीस आणि माझ्या हातात एक मातीचा शंख ठेवलास, अंगठ्याएवढा. तोच आपला पहिला तह. त्यानंतर किती झाले याचा हिशेब नाही.

आईचं आणि तुझं युद्ध मात्र वेगळ्याच पातळीवरचं. लग्नानंतर महिन्याभरात तू पहिला खेकडा घरात आणलास, भाजलेला, लाल मातीचा, तळहाताएवढा. स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवायला निघालीस. आई उंबऱ्यात उभी राहिली.

"हे आत येणार नाही."

"मातीचा आहे, आई."

"असेल. पाय तर खरेच आहेत."

तू ओठ चावून हसू दाबलंस, मला दिसलं. पण खेकडा बाहेर गेला तो गेलाच. मग तू वाद घालायला लागलीस. मत्स्यावतार चालतो, मग बांगडा का चालत नाही? देवघरात शंख चालतो, तो काय झाडाला लागतो? आई म्हणाली, "शास्त्र तुझ्या नवऱ्याला विचार, स्वयंपाकघर माझं आहे." दादाला विचारलं तर तो संध्या करायला जाऊन बसला. शेवटी तू एक कासव केलंस. कासवाला आई नाही म्हणू शकेना. ते देवघरात गेलं आणि आई जाईपर्यंत रोज त्याच्या पाठीवर एक तुळशीचं पान पडत राहिलं. तू मला कोपऱ्यात घेऊन सांगितलंस, "तुमच्या घरात घुसायचं तर पाठ कठीण पाहिजे."

गल्लीत भट्टी लावणं शक्य नव्हतं. एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला शिकवणी घेणारे शास्त्रीबुवा, धूर झाला की सगळे दारात. म्हणून तू नदीपलीकडे रामनगरला, अगदी काठालगत, ती पत्र्याची शेड घेतलीस. खुर्ज्याहून मातीची पोती मागवायचीस, त्यात नदीची चाळलेली रेती मिसळायचीस, आणि दिवसभर त्या शेडमध्ये समुद्र करत बसायचीस. पाखट, माकूळ, तारामासे, खडकाला चिकटलेली कालवं, काटेरी गोळे ज्यांना मराठीत काय म्हणतात ते तुलाही ठाऊक नव्हतं. मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवायच्या, आतून पोकळ ठेवायचं, पोटाखाली एक भोक ठेवायचं, नाहीतर आतली हवा तापून भट्टीत सगळं फुटतं. लोक विचारायचे, बनारसमध्ये बसून समुद्र कसा आठवतो? तू म्हणायचीस, "तिथे असते तर कशाला केला असता?"

मला तू शेडवर ओढलंस ते माझं लग्न मोडलं त्या वर्षी. सांत्वन वगैरे तुला जमलं नाही कधी. तू म्हणालीस, "मुलींना रसायनशास्त्र शिकवतेस ना? मग मला तांब्यातून हिरवा काढून दे. बाजारातला हिरवा म्हणजे नुसती नळाची तोटी." मी रविवारी रविवारी यायला लागले. वह्या भरल्या. तांबं, लोखंड, कोबाल्ट, भाताच्या तुसाची राख. चकत्यांवर नमुने भाजायचे आणि तुला दाखवायचे, आणि तू खिडकीशी नेऊन बघायचीस आणि म्हणायचीस, "नाही. हा नाही."

"मग कसला हवाय? नीट सांग तरी."

"खेकडा पाण्यातून काढला की पोटाकडे असतो तसला."

"मी खेकडा पाण्यातून काढलेला बघितला नाही."

"तुका काय कळता मगे," असं तू मालवणीत पुटपुटायचीस आणि कामाला लागायचीस.

मुंबईला तुझं पहिलं मोठं प्रदर्शन लागलं तेव्हा कार्ड छापून आलं. त्यावर तुझ्या नावाखाली लिहिलं होतं, 'ग्लेझ: सुधा'. मी म्हटलं, हे काय भलतंच. तू म्हणालीस, "रंग तू केलेस, मग काय शास्त्रीबुवांचं नाव घालू?" मी ते कार्ड रसायनशास्त्राच्या पुस्तकात ठेवलं आणि वर्गात शिकवताना मधूनच उघडून बघायची. सदतीस वर्षं नोकरी केली मी, निरोपाच्या दिवशी शाल दिली त्यांनी. पण माझं नाव छापलं फक्त तू. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चेष्टा केली असतीस, आणि मला ती चेष्टा सहन झाली नसती.

आणि प्रदर्शनाला मी आले नाही. तू म्हणालीस मुंबईहून पुढे मालवणला जाऊ, मी सांगितलं आईला कोण बघणार. मग आई गेली, मग मी सांगितलं शाळा. मग शाळा संपली, मग गुडघे. खरं कारण मला माहीत आहे आणि आता तुला कळलं तरी काय बिघडतं. समुद्र बघितला असता आणि माझे सगळे रंग चुकीचे निघाले असते तर? तीस वर्षं तू 'नाही, हा नाही' म्हणत होतीस ती निदान चेष्टेत. तिथे जाऊन मला स्वतःलाच ते म्हणावं लागलं असतं.

बरं. आता जे सांगायचं आहे ते सांगते, नाहीतर मी अशीच फिरत बसेन.

बनारसात लहानपणापासून पोरांना ऐकवतात, काशीत मेलं की मुक्ती, आणि पलीकडे रामनगरला मेलं की पुढचा जन्म गाढवाचा. आई तुला रोज निघताना बजावायची, "दिवस असेतो अलीकडे या." तू एकदा आईसमोर गाढवासारखं ओरडून दाखवलंस. दादासुद्धा हसला. आणि वर म्हणालीस, "मला पलीकडेच मरू दे. गाढव झाले तर निदान चालत समुद्रापर्यंत जाता येईल. तुमची मुक्ती घेऊन करू काय, तिथे पाणी पण नाही." आई तीन दिवस तुझ्याशी बोलली नाही. मी मात्र सगळ्यांत मोठ्याने हसले होते. मी विज्ञानाची बाई. मी वर्गात मुलींना सांगायची, नदीच्या या काठाला आणि त्या काठाला हवा एकच, पाणी एकच, मेल्यावर होणारं रसायन एकच. मुली घरी जाऊन सांगायच्या आणि त्यांच्या आया माझ्याकडे भांडायला यायच्या. मला त्याचा अभिमान होता.

त्या मंगळवारी मी तुला हलवलं. तू टेबलावरून माझ्या अंगावर आलीस. वजन होतं तुझं, पण अंग गरम होतं. नाकाशी बोट धरलं, काही कळेना. तुझ्या उजव्या हातात खेकड्याचा सहावा पाय होता. ताज्या मातीचा, नीट वळवलेला, सांध्याशी तुझी ती बारीक कंगोऱ्याची रेघ काढलेली. मला तो स्पष्ट दिसला. त्या क्षणी असल्या गोष्टी कशा दिसतात कोण जाणे, पण दिसला. अख्खा होता.

मी बाहेर धावले. खाली काठाला आपला नावाडी छोटेलाल नाव बांधत होता. तो आणि मी मिळून तुला उचललं. शेडच्या मागच्या दारातून गेलं की बाजाराचा रस्ता, आणि रस्त्याला लागलं की चौथं घर डॉक्टरांचं. भट्टीवर हात भाजला की तू त्यांच्याकडेच जायचीस. चालत चार मिनिटं. छोटेलालने तेच विचारलं, "डागदर साहब के इहाँ, दीदी?"

मी म्हटलं, "नहीं. उस पार."

हे मी म्हटलं, वहिनी. दुसऱ्या कोणी नाही. आई जाऊन पंधरा वर्षं झाली. दादा घरी होता. त्या शेडमध्ये मी एकटी होते आणि माझ्या तोंडून ते निघालं.

नाव सुटली. छोटेलाल म्हणाला, "सामने वाला घाट नजदीक पड़ी." बरोबर होतं त्याचं. रामनगरच्या समोर लागलं की तिथून मोठं इस्पितळ जवळ, रिक्षा उभ्याच असतात. पण काशीची हद्द अस्सी घाटापासून सुरू होते, आणि समोरचा घाट हद्दीच्या बाहेर पडतो. हे बनारसच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, "अस्सी ले चलो." नाव तिरकी वळली. सरळ गेलो असतो तर सात-आठ मिनिटं. अस्सीला वीसच्या वर लागली.

तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मधेच एकदा तुझ्या छातीतून आवाज आला. श्वास होता की आत उरलेली हवा बाहेर पडली, मला माहीत नाही. मी तुझी मूठ माझ्या दोन्ही हातांत धरून बसले होते आणि काठाकडे बघत होते. अस्सी दिसतंय का, एवढंच बघत होते. माझ्या तोंडून आईचे शब्द येत होते, 'आलंच हं, आलंच.' मला ऐकू येत होतं मी बोलतेय ते, आणि मी थांबत नव्हते.

इस्पितळात त्यांनी तपासलं आणि सांगितलं, गेल्या. कधी ते नक्की सांगता येत नाही, हृदय बंद पडलं आहे, बहुधा लगेचच. 'बहुधा' हा शब्द मी आयुष्यभर मुलींच्या उत्तरपत्रिकांतून खोडत आले. परिचारिकेने तुझी मूठ उघडली आणि आतलं माझ्या हातात दिलं.

पाय चिरडलेला होता. त्याच्यावर तुझ्या चार बोटांचे खळगे होते, आणि खालून अंगठ्याचा.

शेडमध्ये तो अख्खा होता. म्हणजे मधे कुठेतरी मूठ आवळली गेली. तू आवळलीस, की तुझी मूठ धरून बसलेली मी? रात्रंदिवस मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा करून बघते, हात कुठे होता, जोर किती होता. शेडमध्ये बसून तेवढ्याच मातीचा तेवढाच पाय वळला आणि डाव्या हातात धरून उजव्या हाताने बाहेरून दाबून बघितला. एकदा खळगे तसेच आले. दुसऱ्यांदा नाही आले. यातून काही सिद्ध होत नाही, हे मला कोणी सांगायला नको.

दादा इस्पितळात आला तेव्हा त्याची चप्पल दोन जोडांची होती. भिंतीला टेकून उभा राहिला. पहिला प्रश्न विचारला, "कुठे गेली? पलीकडे?"

मी म्हटलं, "नाही. नावेत श्वास होता. अस्सीला लागलो, मग."

माझ्या मोठ्या भावाने इस्पितळाच्या बोळात मला वाकून नमस्कार केला. सगळे बघत होते. म्हणाला, "सुधा, तू फार मोठं काम केलंस." मी त्याला थांबवलं नाही.

संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं. तुला मणिकर्णिकेवर नेलं, मी दारापर्यंत आले. मग तेरा दिवस मी कौतुक ऐकलं, वहिनी. विश्वास बसणार नाही तुझा. सुधाने सोनं केलं. सुधाने प्रसंगावधान राखलं. एवढी शिकलेली बाई, पण वेळेला कसं सुचलं बघा. शास्त्रीबुवांची सून माझ्या पाया पडून गेली. गौरी, तुझी मुलगी, बंगळूरहून आली तेव्हा तिने फक्त विचारलं, "आत्या, आईला त्रास झाला का?" मी म्हटलं नाही. तिने विचारलं, "डॉक्टरला बोलवायला वेळ मिळाला का?" मी म्हटलं, आपण मोठ्या इस्पितळात निघालो होतो. ती हो म्हणाली आणि माझ्या खांद्यावर झोपली. छोटेलाल दहाव्याला येऊन गेला. पान खात पायरीवर बसला होता. माझ्याकडे बघून त्याने फक्त हात जोडले. त्याने कोणाला काही सांगितलेलं नाही. त्याला कदाचित वाटतही असेल, बरोबरच केलं.

सुतकात मी रोज पलीकडे जात होते. सगळ्यांनी नावं ठेवली. पण तुझा खेकडा टेबलावर तसाच होता, डावीकडचे चार पाय आणि उजवीकडचा एक लागलेला, नांग्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. फडकं रोज ओलं केलं नाही तर तो सुकतो, मग त्याला पुढचा पाय लागत नाही, जोड तडकतो. तू नाहीस, पाय लावणारं कोणी नाही, हे मला कळत होतं. तरी मी फडकं ओलं करत होते. आणि परत येताना रोज नावेत तो चिरडलेला पाय हातात घेऊन बसत होते. कच्ची माती. पाण्यात सोडली की दोन मिनिटांत विरघळते. नुसता हात बाहेर काढायचा होता. अकराव्या दिवशी मी तो पाण्याला लावलाही. अंगठ्याच्या खळग्याची कड मऊ झाली आणि माझ्या बोटांना चिकट लागली, तशी मी हात मागे घेतला.

काल तेरावं उरकलं. पाहुणे गेले, गौरी सामान भरायला वर गेली. दादा मोरीत बसून तांब्याची भांडी घासत होता. विधीची भांडी तो दुसऱ्या कोणाला घासू देत नाही, तुला माहीत आहे. मी समोर पाटावर बसले आणि सांगितलं. चार मिनिटांवर डॉक्टर होता. छोटेलालने विचारलं होतं. मी नाही म्हटलं. समोर लागायचं सोडून अस्सीला नेलं. वळायच्या आधी पाच-सात मिनिटं भांडत होते तेही सांगितलं.

तो घासत राहिला. मग म्हणाला, "श्वास होता म्हणालीस."

"आवाज आला. श्वास होता की नाही ते मला ठाऊक नाही. मी तुला खोटं सांगितलं."

मी पाय त्याच्या पुढ्यात ठेवला. मूठ उघडली तेव्हा असा होता, म्हटलं, आणि शेडमध्ये अख्खा होता. दादाने हात धोतराला पुसले, पाय उचलला आणि बराच वेळ बघितला. एकेक खळग्यात स्वतःचं बोट घालून बघितलं. त्याची बोटं त्यात मावली नाहीत. मला वाटलं आता तो म्हणेल, यजमानांना म्हणतो तसं, की आयुष्याची दोरी तेवढीच होती, की काशीत गेली यातच सगळं आलं. चाळीस वर्षं तो परक्या माणसांना हे सांगत आला आहे आणि माणसं खरोखर हलकी होऊन जातात. मला तेच हवं होतं. मी त्यासाठीच पाटावर बसले होते.

त्याने विचारलं, "हे भाजलं तर परत माती होत नाही ना?"

"नाही."

"पाण्यात टाकलं तरी?"

"तरी नाही."

"मग भाज," तो म्हणाला. "गौरीला दाखव. तिला काय झालं ते सांग. मी बसतो तुझ्याजवळ."

मला राग आला, वहिनी. या तेरा दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी आलं. मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, तू भटजी ना? मग बोल काहीतरी. सगळ्या महाराष्ट्राला सांगतोस आणि सख्ख्या बहिणीला भट्टी लाव म्हणतोस?

दादा म्हणाला, "मीही अस्सीलाच नाव घ्यायला सांगितलं असतं, सुधा. मागचा-पुढचा विचार केला नसता. आणि तिने मला माफ केलं नसतं."

"मला करील?"

त्याने पाय माझ्या हातात परत दिला आणि पुढचं भांडं ओढलं.

"मला कसं माहीत असणार? तिला विचार."

म्हणून विचारते आहे, वहिनी.